मधल्या डब्याची साखळी

त्या लाईनीवर मालगाडी ओढायला दोनच इंजिनं होती, आणि दोन्ही डिझेलवर कमी, कौतुकावर जास्त चालत. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. थोरलीचा धूर इतका दाट की पांढरी कबुतरं एका बाजूनं आत शिरली की दुसऱ्या बाजूनं कावळे होऊन बाहेर पडायची, आणि घरट्यात गेल्यावर त्यांची पिल्लं त्यांना आत घ्यायची नाहीत. धाकटीचा धूर बेताचा, पण भोंगा असा की स्टेशनावरचं घड्याळ दचकून काटे मागे घ्यायचं. त्यामुळे धाकटी कधी उशिरा पोचल्याची नोंदच झाली नाही.

लाईन म्हणाल तर एवढीशी. खाली दगडाची खाण, टेकडीच्या माथ्यावर एक स्टेशन, पलीकडच्या उतारावर सिमेंटचा कारखाना. भरलेले डबे न्यायचे, रिकामे आणायचे, एवढाच संसार. चढ मात्र असा की पुढच्या डब्यातून माणूस खाली उतरून, रुळाकडेची फुलं तोडून, आरामात मागच्या डब्यात चढायचा. फुलांनी शेवटी कंटाळून तिथे उगवायचं सोडून दिलं.

थोरलीवर ड्रायव्हर होते अप्पा, आणि धाकटीवर मामंजी. दोघंही गार्डबाईचे. म्हणजे अप्पा तिचे वडील आणि मामंजी तिचे सासरे. गार्डबाई ही त्या गाडीची गार्ड. हिरवा झेंडा, लाल झेंडा, शिट्टी आणि वॉकीटॉकी तिच्या ताब्यात. नवरा शेडमध्ये फिटर. अख्खी रेल्वे एका घरात मावायची, आणि तीच तर पंचाईत होती, कारण अप्पा आणि मामंजी एकमेकांशी बोलत नव्हते.

पूर्वी बोलायचे. पूर्वी दोघांची अशी गट्टी की एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसायचा. एकमेकांना अरे-तुरे करायचे, आणि पोरांचं लग्न ठरलं तेव्हा शेडमध्ये तेलाच्या डब्यांवर ताल धरून नाचले होते. घात केला तो लग्नानं.

लग्न माथ्यावरच्या स्टेशनात होतं आणि पाहुणे सगळे खालचे. मग मालडबे धुतले, आत बाकं टाकली, माणसं फार म्हणून पुढे थोरली जोडली आणि मागे धाकटी. गाडी वर पोचली, लग्न झालं, आणि जेवता जेवता मामंजी शेजारच्याला म्हणाले, "सगळं वऱ्हाड वर आणलं ते आमच्या धाकटीनं. थोरली पुढे होती खरी, पण डोलीत बसल्यासारखी."

अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"असं वाटतं खरं," अप्पा म्हणाले. "मागून हात लावणाऱ्याला वाटतं, जग आपणच पुढे ढकलतोय."

झालं. तेव्हापासून अरे-तुरे गेलं, अहो-जाहो गेलं, बोलणंच गेलं.

खरं तर निकाल लावणं अवघड नव्हतं. डब्यांना जोडणाऱ्या साखळ्या सगळं सांगतात. पुढचं इंजिन जेवढे डबे ओढतं, तेवढ्यांच्या साखळ्या ताणलेल्या राहतात. मागचं जेवढे ढकलतं, तेवढे डबे एकमेकांना भिडून त्यांच्या साखळ्या लोंबतात. ताणलेल्या कुठे संपल्या ते पाहिलं की कोणी किती काम केलं ते उघड. पण लग्नाच्या दिवशी सगळे जेवणाकडे धावले, आणि हात धुवून परत येईपर्यंत डबे सोडवून झाले होते. पुरावा गेला, भांडण राहिलं.

मग दोन्ही इंजिनं एका गाडीला कधी लागलीच नाहीत. सकाळी थोरली अर्धी गाडी न्यायची, दुपारी धाकटी उरलेली अर्धी. वरच्या ऑफिसला वाटायचं ही काहीतरी खास योजना आहे. ती फक्त घरगुती तडजोड होती.

क्वार्टर्सही अशी की एका ओळीत तीन खोल्या. एका टोकाला अप्पा, दुसऱ्या टोकाला मामंजी आणि मध्ये गार्डबाईचा संसार. भिंती इतक्या पातळ की एका खोलीत कूस बदलली की तिसऱ्या खोलीतला कॉट कुरकुरायचा. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ऐकू यायचं. पण मामंजींचा नियम होता की अप्पांचं बोलणं सूनबाईच्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही. अप्पांचाही तोच.

"गार्डबाई," अप्पा भिंतीपलीकडून ओरडायचे, "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, रेडिओ जरा हळू लावा."

"मामंजी, अप्पा म्हणतायत रेडिओ हळू लावा."

"त्यांना म्हणावं, मला काही ऐकू आलं नाही."

"अप्पा, त्यांना ऐकू नाही आलं."

"रेडिओ मोठा असल्यावर कसं येईल? हेही सांग!"

फिटर नवरा अशा वेळी शेडमध्ये काहीतरी बिघडलंय असं म्हणून निघून जायचा. त्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काही बिघडत नव्हतं, इतकी दुरुस्ती आधीच होऊन बसली होती.

असं छान चाललं असतं, पण मध्येच खाणीच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला. बाई म्हणजे खणखणीत काम. त्यांनी म्हणे लहानपणी पहिला दगड फोडला तो नुसता डोळे वटारून. त्यांचं म्हणणं सरळ होतं: अर्ध्या-अर्ध्या गाड्यांची वाट बघायला मला वेळ नाही. सगळा माल एका फेरीत माथ्यावर चढवून दाखवा. मी स्वतः गाडीत बसून बघणार. चढली तर दगड रेल्वेचा. नाही चढली तर दुसऱ्या दिवसापासून ट्रक.

आणि खाणीच्या दगडाशिवाय त्या लाईनीवर न्यायला दुसरं काही नव्हतंच. दगड गेला की लाईन बंद, थोरली-धाकटी भंगारात, आणि तीन खोल्यांतली चारही माणसं रस्त्यावर.

"एका फेरीत म्हणजे दोन्ही इंजिनं," नवरा हळूच म्हणाला.

"दोन्ही इंजिनं म्हणजे दोन्ही म्हातारे," गार्डबाई म्हणाली.

"मी शेडमध्ये जाऊन येतो."

"बस खाली!"

गाडी लावायच्या दिवशी सकाळी ती आधी अप्पांकडे गेली. अप्पा थोरलीचा पुढचा दिवा धोतराच्या फडक्यानं पुसत होते. एरवी ते असं फक्त आरशासमोर स्वतःचं टक्कल पुसायचे.

"अप्पा, आज नीट. माझी शपथ आहे."

"अगं, मी नीटच आहे. तू फक्त मोठ्या वळणावर लक्ष ठेव," अप्पा डोळे मिचकावत म्हणाले. "कोण ओढतंय ते आज जगाला कळेल."

मग ती गाडीच्या शेपटाकडे गेली. मामंजी धाकटीच्या पायरीवर चहा पीत बसले होते.

"मामंजी, आज काही वेडंवाकडं नको हं."

"छे गं सूनबाई. मी काय लहान आहे? तू आपली मोठ्या वळणावर लक्ष ठेव. कोण ढकलतंय ते आज जगाला कळेल."

गार्डबाईला वाटलं, बरं झालं, दोघांच्याही अंगात उत्साह आहे. दोघांचं वाक्य सारखंच का, हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

पुढे इंजिन, मागे इंजिन, म्हणून गार्डचा डबा गाडीच्या मध्ये लावला होता. मालकीणबाई त्यात चढल्या, बाक हातानं झटकला आणि बसल्या. गार्डबाईनं स्टोव्हवर चहा ठेवला, बाहेर वाकून हिरवा झेंडा हलवला आणि शिट्टी मारली. थोरलीनं धुराचा असा लोट सोडला की खाणीतल्या माणसांनी दिवे लावले. धाकटीनं भोंगा दिला. वर माथ्यावरच्या स्टेशनातलं घड्याळ कालपर्यंत मागे गेलं. गाडी हलली.

"गार्डबाई," वॉकीटॉकीतून अप्पा. "तुझ्या सासऱ्यांना विचार, मागचं फाटक सुटलं का?"

"मामंजी, मागचं फाटक सुटलं का?"

"सुटलं म्हणावं. आणि पुढे जरा हात चालवा म्हणावं, झोप येतीय इथं."

"अप्पा, सुटलं. आणि..."

"ऐकलं मी ते! पण सांग तू. रीतसर सांग."

मालकीणबाई वॉकीटॉकीकडे बघत होत्या. "हे दोघं एकाच यंत्रावर बोलतायत ना?"

"हो."

"मग एकमेकांचं ऐकू येतच असेल."

"येतं की. पण पोचत नाही," गार्डबाई म्हणाली आणि कप पुसू लागली.

चढ सुरू झाला. गाडीचा आवाज जडावला, खिडकीतली झाडं रेंगाळायला लागली. शेजारच्या सडकेवरून एक ट्रक गेला, त्याच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून टाटा केला. मालकीणबाईंनी ट्रककडे पाहिलं, मग गार्डबाईकडे पाहिलं. गार्डबाईनं पुसलेलाच कप पुन्हा पुसला.

आणि मोठं वळण आलं.

वळण म्हणजे चढातली सगळ्यात वाईट जागा. तिथे रूळ एकाच वेळी वरही जातात आणि आडवेही, आणि दोन्ही नाखुशीनं. गार्डबाईचा एक पाय डब्याच्या दारात होता. तळपायाला गाडीचं सगळं कळतं, असं तिचं मत होतं. त्या तळपायाला पुढची ओढ अचानक गेल्याचं जाणवलं. आणि त्याच क्षणाला मागचा रेटाही गेला.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अप्पांनी वळणावर मुद्दाम जोराचं हँडल मागे घेतलं होतं, म्हणजे थोरलीशिवाय धाकटी कशी लटकते ते जगाला दिसावं. आणि मामंजींनी मुद्दाम हँडल मागे घेतलं होतं, म्हणजे धाकटीशिवाय थोरली कशी लटकते ते जगाला दिसावं. दोन्ही म्हाताऱ्यांना आयुष्यात एकच युक्ती सुचली होती, आणि ती एकाच वेळी.

गाडी कण्हली, मंदावली, थांबली.

गार्डबाईनं झटकन ब्रेकचं चाक फिरवून आवळलं. स्टोव्हवरची किटली हिंदकळली आणि शांत झाली.

"थांबलो का आपण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"थांबलो."

"हं," बाई म्हणाल्या. त्या नुसत्या हं-नं टेकडीवरचे दोन दगड जागचे हलले.

वॉकीटॉकी खरखरली. "गार्डबाई, सासऱ्यांना विचार तुझ्या, दम लागला का?"

"सूनबाई, अप्पांना म्हणावं, एकट्यानं जमत नसेल तर तसं सांगायला लाजू नये!"

"सांग त्यांना, मी एकटा नव्हतोच, मागे ओझं होतं!"

"म्हणावं, ओझं पुढे होतं!"

दोघंही थांबले. आता नेहमीप्रमाणे मधून निरोप पोचायचा होता. गार्डबाईनं वॉकीटॉकी तोंडाशी नेली. सगळा चढ कान देऊन उभा होता.

"गार्ड बोलतेय," ती म्हणाली. "मुलगी नाही, सून नाही. गार्ड. इथून गाडी नुसती हिसका देऊन उचलली तर साखळी तुटेल. पुढे-मागे एकदम, एका दमात जोर लागला पाहिजे, तरच हलेल. ते काही माझ्यामार्फत जमणार नाही. तेव्हा निरोप पोचवणं आजपासून बंद. तुम्ही दोघं एकमेकांशी बोला. तोपर्यंत माझा हिरवा झेंडा गुंडाळलेला आहे."

"अगं पण..." अप्पा.

"अहो सूनबाई..." मामंजी. घाबरले की ते सुनेलाही अहो म्हणायचे.

गार्डबाईनं वॉकीटॉकी बाकावर ठेवली आणि कपात चहा गाळला. एक कप तिनं मालकीणबाईंना दिला. सडकेवरून आणखी एक ट्रक गेला, त्यानंही टाटा केला.

वॉकीटॉकी खरखरली. मग कुणीतरी खाकरलं. दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी खाकरलं.

"व्याही," अप्पा म्हणाले.

"बोला."

"हँडल मागे घेतलंत ना वळणावर?"

"तुम्ही?"

"घेतलं," अप्पा म्हणाले.

"मीही," मामंजी म्हणाले. आणि मग यंत्रातून असा आवाज आला की आधी वाटलं बिघाड झाला. मामंजी हसत होते. "गाढवा, निदान मला आधी सांगायचं तरी! मी दुसऱ्या वळणावर घेतलं असतं!"

"गाढव तू! माझी युक्ती चोरलीस!"

"तुझी? अरे, मी ती लग्नापासून मनात धरून बसलोय!"

मालकीणबाईंनी चहाचा घोट घेतला. गार्डबाईनं हळूच ब्रेकच्या चाकावर हात ठेवला आणि झेंडा उलगडून बाहेर धरला.

"झेंडा दिसला रे," अप्पा म्हणाले. "आधी तू जरा रेट, डबे एकमेकांना भिडू देत. मग मी उचलतो. पहिल्या खाचेवर ठेव हँडल."

"ठेवलं. तू?"

"ठेवलं. आता तू."

"तू!"

"तू आधी!"

"आधी तूच!"

"मी आधीच आहे, तूच मागे आहेस!"

"मी मागेच असतो, माझं इंजिनच मागे आहे!"

आणि गार्डबाईच्या ध्यानात आलं की हे भांडण नव्हतं. म्हणजे भांडण होतंच, पण प्रत्येक "तू"ला दोघंही हँडल एकेक खाच पुढे सरकवत होते. इतक्या वर्षांची तबला-पेटीची जोडी असावी तसे एकमेकांच्या तालावर. तिनं ब्रेक सैल सोडला.

"चाकं घसरतायत रे! वाळू सोड रुळावर!"

"सोडली! तू सोड!"

"माझी सोडून झाली! तुझ्या त्या काळ्या धुरानं दिसत नाही तुला!"

"माझ्या धुराला नाव ठेवशील तर उतरून येईन तिकडे!"

"ये की! चढ संपल्यावर ये!"

तळपायाला पुन्हा ओढ लागली. पुढून ओढ, मागून रेटा, दोन्ही इतके सारखे की किटलीतला चहा हललासुद्धा नाही. मालकीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "टेकडी मागे सरकतेय का?" नंतर लोक असंही सांगत की त्या दिवशी खरोखर टेकडीच थोडी खाली बसली, रेल्वेला सोपं जावं म्हणून. पण ती अतिशयोक्ती. टेकडी फार तर वीतभर बसली असेल.

वळण सुटलं. झाडं पुन्हा चालायला लागली. सडकेवरच्या तिसऱ्या ट्रकनं टाटा करायला हात काढला आणि तसाच आत घेतला.

माथ्यावरच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मालकीणबाईंनी रिकामा कप खाली ठेवला.

"मध्ये थांबवली ती का?"

खोटं बोलायला गार्डबाईला वेळ नव्हता. "मुद्दाम, बाई. दोघांनी मिळून."

मालकीणबाईंनी मान डोलावली. "चांगली तपासणी केली. न थांबता काय, कुणीही चढेल. त्या वळणावर थांबून ज्या रेल्वेनं भरली गाडी परत उचलली, तिला मी दगड देणार." त्या पायरीवरून उतरल्या, आणि वळून म्हणाल्या, "ट्रकवाले नुसते टाटा करतात. यांचं ऐकायला मजा येते. पुढच्या वेळी चहात आलं घाला."

गार्डबाई डब्याच्या दारातच बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि थोरलीच्या धुरामुळे कशाचं काय ते कळत नव्हतं.

डोळे पुसून पाहते तर पुढून अप्पा चालत येत होते. प्रत्येक दोन डब्यांमध्ये वाकायचे, साखळीला बुटानं हलकेच मारायचे. "ताणलेली. ही माझी. ही पण ताणलेली." मागून मामंजी येत होते. "लोंबतेय. माझी. ही पण लोंबतेय." लग्नात जे राहून गेलं होतं, ते आज कुणी जेवायला बोलावण्याआधी उरकायचं होतं.

दोघं येत येत गार्डच्या डब्यापाशी भेटले. डब्याच्या एका बाजूची साखळी अप्पांनी हलवून पाहिली. ना धड ताणलेली, ना धड लोंबणारी. दुसऱ्या बाजूची मामंजींनी हलवली. तीही तशीच. डबा मध्ये निवांत उभा होता, जणू त्याला कुणी ओढलंही नव्हतं आणि ढकललंही नव्हतं.

"म्हणजे उरला हा एकच डबा," अप्पा म्हणाले. "तो माझा. आत माझी मुलगी आहे."

"मुलगी तुझी असेल," मामंजी म्हणाले, "सून माझी आहे. आणि स्टोव्ह कुणी दिलाय?"

"किटली मी दिलीय!"

"गार्डबाई, सांग त्याला!" दोघं एकदम म्हणाले.

ती उठली. दोन्ही झेंडे काखेत मारले आणि पायरीवर उभी राहिली.

"डबा गार्डचा असतो," ती म्हणाली. "चहा उरलाय, उभ्यानं घ्या आणि आपापल्या इंजिनावर चला. पलीकडे उतार आहे. उतारावर कोण कुणाला धरतंय, ते खाली पोचल्यावर बघा."

दोघांनी एकाच बशीतून फुंकर मारून चहा प्यायला. मग अप्पा पुढे निघाले, मामंजी मागे, आणि जाता जाता गाडीच्या दोन टोकांकडून ओरडून उताराबद्दल भांडत राहिले. वॉकीटॉकी दोघांच्याही खिशात होती, पण ती लागली नाही.

आता रोज पूर्ण गाडी जाते आणि माथ्यावर रोज साखळ्या तपासल्या जातात. कधी अप्पा एका डब्यानं पुढे, कधी मामंजी. रात्री त्याच्यावरून भिंतीआडून एवढी चर्चा रंगते की मधल्या खोलीत गार्डबाई आणि फिटर कानात कापूस घालून झोपतात. सकाळी उठून तो कापूस काढला की पहिलं वाक्य ऐकू येतं ते भिंतीपलीकडून, आणि ते तिच्यासाठी नसतं.